बगळ्यांचा अहवाल

मी रत्नागिरीतल्या एका दैनिकाचा वार्ताहर. मी बोलायला लागलो की भरतीसुद्धा ऐकायला थांबते, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच. मनापासून ऐकणारा एकच होता, मत्स्य खात्यातला माझा कारकून मित्र. वीस वर्षं रोज संध्याकाळी मिरकरवाडा बंदरातल्या टपरीवर आमचा चहा व्हायचा. मी थाप फेकायची, त्याने झेलायची.

मग सरकारने मासळीचा लिलाव सुधारायला सल्लागार आणले. बूट एवढे चकचकीत की बर्फवाल्याने त्यात बघून भांग पाडला. त्यांना बंदर दाखवायचं काम मित्राकडे आलं. टपरीवर त्यातल्या एकाने मला विचारलं, मासळीची घट कुठे होते? मी गंभीरपणे सांगितलं, इथले बगळे भाव ऐकून मासा उचलतात. सुरमई चढली की बांगड्याकडे बघतदेखील नाहीत. त्याने लिहून घेतलं. मित्र चहात बघत राहिला.

सहा महिन्यांनी अहवाल आला. काट्यावर टाकला असता तर मोठ्या घोळ माशाला भारी पडला असता. आत एक अख्खं प्रकरण: ‘पक्ष्यांकडून होणारी भावानुसार उचल’. मी नाचलोच. सल्लागारांवर उधळलेल्या सरकारी पैशांची पहिल्या पानावर अशी पिसं काढली की मुंबईच्या वाहिन्यांनीही बातमी उचलली. बगळे मुळात कोणाचे, एवढंच लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, ठेवलं.

सल्लागारांना पुढच्या जिल्ह्याचं काम मिळालं. ‘स्थानिक माहिती तपासली’ या ओळीखाली सही मित्राची होती. शिक्षा म्हणून त्याला दूर मंडणगडला धाडलं.

आता टपरीवर मी एकटा. परवा शेजारच्या खलाशाला एक झकास थाप सांगितली, त्याने मोबाइलमधून मानही वर केली नाही. चहावाला अजून सवयीने दोन ग्लास ठेवतो. मी दोन्ही पितो.

शेवटी मित्राला फोन लावला. सगळं कबूल केलं, उद्याच छापतो म्हणालो.

तो म्हणाला, “थाप तुझी होती ते मी तिथेच ओळखलं होतं रे.”

“मग सही कशाला केलीस?”

“गंमत वाटली. म्हटलं, असले अहवाल वाचतो कोण. तू वाचशील, हे ध्यानात आलं नाही.”

कबुली लिहून संपादकांना दिली. ते पोट धरून हसले. म्हणाले, ही तुमची आजवरची सगळ्यात भारी थाप.

छापली नाही.