कल्पनावहिनींचा थांबणारा शत्रू

दीड महिन्यापूर्वी दादाचा फोन आला, तेव्हा पुण्यातल्या खोलीत मी एका नव्या गेमला दहापैकी किती गुण द्यावेत याचा विचार करत बसलो होतो. एका वेबसाइटसाठी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणं हे माझं काम. दादा एवढंच म्हणाला, "कल्पना गेली रे..." डेंग्यूच्या तापाचं निमित्त झालं. चाळिशीही गाठली नव्हती हो माझ्या वहिनीनं! अजून पटत नाही.

आमच्या गावी, निमोण्यात, वहिनींसाठी कुणीच थांबायचं नाही. दादा कुरकुंभच्या कंपनीत, शिफ्टमुळं दौंडला खोली करून राहिलेला, सुट्टीपुरता घरी. गाई, कांद्याचं रान, दोन पोरं, आई, शिवाय लाइट येईल तेव्हा पळत जाऊन चालू करायची मोटार, सगळं वहिनींच्या अंगावर. पोरांच्या अभ्यासाला म्हणून मी माझा जुना लॅपटॉप नेऊन दिला, त्यात परीक्षणासाठी घेतलेला एक छोटा गेम तसाच राहिला होता. डोंगरातल्या टोळ्यांची लढाई. आधी आपण चाल करायची, मग शत्रूनं, आणि आपली चाल होईपर्यंत शत्रू जागचा हलत नाही. अशा गेमचे चाहते मोजकेच. पोरांनी दोन दिवसांत सोडला, वहिनींना मात्र असा नाद लागला की विचारू नका. दूध तापेपर्यंत दोन चाली, कुकरच्या शिट्ट्या होईतो एक. आईनं हाक मारली की मान वर न करता एक बोट वर करायच्या, "एक चाल, आत्या!" आई करवादायची, "चुलीत घाल तो डबा!" मी एकदा विचारलं, एवढं काय आहे त्यात? तर म्हणाल्या, "भाऊजी, ह्यातला शत्रू थांबतो. तुमची आई थांबत न्हाई."

टोळीतल्या सगळ्यात चिवट बाईला त्यांनी 'आत्या' असं नाव दिलं होतं. आई आधी भडकली. मग रोज संध्याकाळी स्वतःच विचारायला लागली, "मी मेले का गं आज?"

"न्हाई आत्या, अजून उभ्या हाय तुम्ही."

याच गेमला मी सहा गुण दिले होते. वहिनींनी मोबाइलवर परीक्षण वाचलं आणि मला धारेवर धरलं. "किती दिवस खेळला?"

"तीन. सलग. चौथ्या दिवशी लेख द्यायचा असतो."

"मंग कंटाळा येनारच की! विरजण लावून तासाभरानं चाखलं तर दूधच लागंल."

मी वाद घातला. अक्षरं बारीक आहेत, नियम नीट समजावलेले नाहीत, यात खोटं काय? "खोटं कुठं म्हनते मी? पण तो थांबतो, हे लिहिलंच न्हाई तुम्ही. तेवढी एक ओळ घाला."

ओळ लिहून मी संपादकांना पाठवली. "आपला वाचक निमोण्यात नसतो," म्हणत त्यांनी ती काढली. त्यांचंही एका अर्थी बरोबर. परीक्षण गर्दीसाठी असतं, आणि गर्दीला हा गेम रटाळच वाटणार. सहा हा आकडा मी आजही खोटा मानत नाही. पण जी गोष्ट मुळात मोजक्यांसाठी केली आहे, तिला त्यातल्या एकालाही न विचारता गुण द्यायचे, हा कुठला न्याय? आणि निमोण्यात वाचक होता की! एक होती. शेवटपर्यंत फोनवर विचारायची, "आली का माझी ओळ?"

नाही आली, वहिनी... म्हणून इथं लिहितो. हा गेम थांबतो. जिच्यासाठी दिवसभरात दुसरं काहीच थांबत नाही, तिच्यासाठी तो दहापैकी दहा आहे. तुम्ही वाचायला हव्या होतात.

परवा निमोण्याला गेलो. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला. आई रोज लावते म्हणे, उघडता मात्र येत नाही तिला. "उघड जरा," म्हणाली. वहिनींची लढाई होती तशीच होती. खिंडीत आत्या एकटी, समोर तिघं. आई जवळ सरकली.

"मी मेले का रं?"

"नाही गं. उभी आहेस. चाल तुझी आहे."

"कल्पनानं कुठं हलवली असती मला?"

आई खिंडीतल्या आत्याकडं बघत राहिली. आतून दादानं जेवायला हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. मान वर न करता आईनं एक बोट वर केलं.