पाक बघणारी बोटं

ह्यांच्या दंडावर साखर मोजणारं यंत्र बसवायचं ठरलं ते डॉक्टरांमुळे नव्हे, रहिमतपूरच्या बाजारातल्या माणसांमुळे. माझा नवरा सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार. नोकरीभर आपल्या वाट्याची रम दुसऱ्यांना देऊन टाकलेला माणूस. त्या दिवशी मोटारसायकलला टेकून ते काहीबाही बरळत होते, पाय लटपटत होते, आणि लोक लांब उभे राहून हसत होते. "फौजी सकाळीच टाइट हाय," असं कुणीतरी म्हणालं. ओळखीच्या चहावाल्यानं साखरेचं पाणी पाजलं तेव्हा ते भानावर आले. रक्तातली साखर उतरली होती, एवढंच. पण ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं. अपमानानं जेवण जाईना, आणि इन्सुलिन टोचणाऱ्यानं जेवण टाळलं की पुन्हा तेच होतं. पण हे फौजीला सांगायला जाणार कोण?

माझं माहेर सांगलीचं, म्हणून तिथल्याच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "साखर उतरताना माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात. यांचं शरीर आता तो इशाराच देत नाही. आतली घंटा बंद पडलीय. बाहेरून बसवावी लागेल."

त्यांनी टेबलावर दोन खोकी ठेवली. दोन्हींतला सेन्सर रुपयाएवढा, दंडावर चिकटवायचा, केसासारखी तार कातडीखाली जाणार. फरक एवढाच, की एकाला मोबाइल जवळ नेऊन विचारावं लागे, तेव्हा तो साखर सांगे. दुसरा आपण होऊन मोबाइलवर आकडे पाठवी आणि साखर उतरू लागली की बोंब मारी.

ह्यांनी पहिल्याच खोक्यावर हात ठेवला. "इचारल्याबिगर बोलनारं नको मला. घरात एक हाय तेवढं बास."

डॉक्टर हसले. मी नाही हसले. "ज्याला उतरलेली कळतच नाही तो विचारणार कधी? पडल्यावर?" मी म्हटलं. ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि हात काढून घेतला. संसारात मी जिंकलेली भांडणं थोडी. त्यातलं हे एक, आणि बाहेर पडताना मला त्याचा चांगलाच तोरा होता.

नर्सनं दंड स्पिरिटनं पुसला, डबीसारखं काहीतरी टेकवून दाबलं, टक असा आवाज आला. "दुखलं का?" तिनं विचारलं. "मुंगीबी चावली न्हाई," ह्यांनी छाती काढून सांगितलं. मग तिनं ह्यांच्या मोबाइलमध्ये सगळं जुळवलं, साखर किती खाली आली की वाजायचं ते ठरवून दिलं, आणि तेच आकडे माझ्या मोबाइलवरही दिसतील असं करून दिलं. बसवल्याबरोबर आकडा येत नाही, यंत्राला रुळायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही बाकावर बसून राहिलो. तिनं चार गोष्टी समजावल्या. त्या कुशीवर झोपू नका. यंत्र खऱ्या साखरेच्या जरा मागून चालतं. आणि आकड्याची शंका आली तर जुन्या मशीनवर बोट टोचून बघा. "हात स्वच्छ धुऊन टोचा. आणि बोटाचं खरं माना."

त्यातला एक शब्द खोटा नव्हता. तिच्यावर रागवायलासुद्धा मला जागा नाही.

पुढचे काही दिवस बरे गेले. यंत्र वाजलं की ह्यांनी त्याला एक ठेवणीतली शिवी द्यायची, मी ग्लुकोजचं पाणी पुढं करायचं, त्यांनी ते औषधासारखं तोंड करून प्यायचं. बाजारात पुन्हा जायला लागले. बाह्या मात्र मनगटापर्यंत खाली, यंत्र कुणाला दिसू नये म्हणून.

मग थंडी पडली आणि धाकट्या दिरांचं गुऱ्हाळ सुरू झालं. आमच्या शिवारात ह्यांच्या बोटांचं नाव होतं. काहिलीत रस आटत आला की उकळता पाक थंड पाण्यात सोडायचा आणि लगेच बोटांत धरून त्याची गोळी वळून बघायची. गोळी बरोबर वळली तर काहील उतरवायची. क्षणभर चुकलं तर गूळ एक तर पसरतो, नाही तर करपतो. पगारी गुळव्या असला तरी शेवटची गोळी ह्यांच्या बोटांत वळली जायची. सैन्यात असताना सुट्टीवर आले की देवाला नंतर जायचे, आधी गुऱ्हाळावर. मधुमेह झाल्यापासून गुळाचा कण त्यांनी जिभेला लावला नव्हता, आणि गूळ हातात घेऊन तो न खाणं ह्याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी माझ्या मोबाइलवर आकडा उतरताना दिसला. मी फोन लावला. ते चिडलेलेच होते. "तुझं यंत्र खोटं बोलतंय. आत्ता बोट टोचलं, साखर केवढी चढलीया! बोटाचं खरं मानायचं, न्हाई का?" फोन कट. पुन्हा लावला तर बंद, आणि माझ्याकडचे आकडेही थांबले.

त्या वेळी तिथं काय झालं ते दिरांनी मला नंतर सांगितलं, रडत. ह्यांनी तीन काहिलींचा पाक बघितला होता. यंत्र वाजलं तेव्हा त्यांनी नर्सनं शिकवल्याप्रमाणे पिशवीतलं मशीन काढलं आणि बोट टोचलं. हात? हात धोतराला पुसला होता. आमच्याकडं माती लागली, शेण लागलं, तर माणूस हात धुतो. गूळ म्हणजे काय घाण आहे? पाहुण्याच्या हातावर आपण पाण्याआधी गूळच ठेवतो. बोटावरच्या त्या पातळ थरात रक्ताचा थेंब मिसळला आणि मशीननं रक्ताची नव्हे, गुळाची साखर मोजली.

आकडा बघून सगळे हसले. दीर म्हणाले, "आवं दादा, लय चढलीया की! चाटलासा का काय गपचिप?" थट्टाच ती, भावाभावातली. पण बाजारातलं हसणं ह्यांच्या मनातून गेलं नव्हतं. "आईची आन, कण खाल्ला असंल तर," असं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर इन्सुलिनचं पेन काढलं, चढलेल्या आकड्याच्या हिशेबानं वाढवून टोचून घेतलं, आणि वाजणारा मोबाइल बंद करून शर्टासकट खुंटीला टांगला.

मी चालत गुऱ्हाळावर पोचले तोवर उन्हं कलली होती, आणि ते चिपाडांच्या ढिगाला टेकून बसले होते. मंडळींना वाटलं, पहाटेपासून जाळापाशी होते, डोळा लागला असेल. मी हाका मारल्या, हलवलं. डोळे उघडले नाहीत. समोर ताज्या ढेपांची रास लागलेली, काहिलीत पाक रटरटत होता, आणि माझा माणूस चिमूटभर साखरेवाचून मरायला टेकला होता. दिरांनी तोंडात गुळाचा खडा कोंबला. गिळण्याचं भान नव्हतं, लाळेबरोबर तो हनुवटीवरून खाली आला. मी तो बोटानं बाहेर काढला, घशात अडकू नये म्हणून.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांचा जीव वाचला. मेंदू फार वेळ उपाशी राहिला होता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. किती परत येईल ते सांगता येत नाही, असंही म्हणाले. जे यायचं होतं ते आलं. ते चालतात, भरवलं तर जेवतात, सलामी देतात. मला ओळखतात, असं मी लोकांना सांगते. दीर गुऱ्हाळ बंद करून कारखान्याला ऊस घालतात आणि आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. मी दोनदा निरोप धाडला. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा धाडायला मन होत नाही.

दंडावर तेच यंत्र आहे, दोन आठवड्यांनी नवं लावते. घरात गुळाचा खडा राहिलेला नाही, तरी बोट टोचायचं झालं की आधी कोमट पाण्याचा तांब्या आणि साबण घेऊन बसते. एकेक बोट चोळते, पेरापेरात पुसते. ते शांतपणे बघत राहतात. मधेच अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवून कसलीशी गोळी वळतात, उजेडाकडे धरून बघतात.

काल मी पुन्हा हात पाण्यात धरला तर त्यांनी तो हळूच मागं घेतला. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई, कशाला धुताय? गूळच हाय."