पॅरिसला न पोहोचलेला तलाव

विलायतेहून परतलेल्या माणसाला गोंदियात फार दिवस मोकळे सोडत नाहीत. मी गावी पोहोचून बिछाना उलगडतो न उलगडतो तोच वाचनालयाच्या चिटणिसांचा निरोप आला. 'पॅरिस : कलेची आणि फॅशनची नगरी' या विषयावर आपले व्याख्यान ठरवले आहे, अध्यक्षस्थानी रावबहादूर आहेत, कृपया नाही म्हणू नये. मी नाहीच म्हणणार होतो. पॅरिसविषयी मनात जे साचले होते ते हारतुऱ्यांच्या सभेत बोलण्याजोगे नव्हते.

पण त्यासाठी आधी आमच्या तलावाची हकीकत सांगायला हवी.

आमचे गाव केशोरीकडचे. मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, तरुणपणीच विधवा झाली. मूलबाळ नव्हते. अशा बाईने देवघरात बसून जपमाळ ओढावी अशी घराची अपेक्षा होती. ती शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. गावाच्या वरच्या अंगाने पावसाचे पाणी वाहून जात होते आणि खाली धान करपत होते. हे सगळ्यांनाच दिसत होते. सहन झाले नाही ते तिला. तिने तलाव बांधणारे कोहळी बोलावून आणले, पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, कुठून कुठे न्यायची यावर त्यांच्याशी कडाकडा भांडली, आणि काम पुरे होईतो सगळे उन्हाळे त्या मातीत काढले. टोपल्या वाहणाऱ्या बायांच्या पंगतीत बसून पेज प्यायली. माझे वडील त्या काळात गावचा सारा भरणारे मालगुजार म्हणून कचेरीत आणि लोकांच्या लग्नांत हजर असत.

तलाव भरला त्या हिवाळ्यात जिल्ह्याचा साहेब बदकांच्या शिकारीला आला. पाळीवर उभे राहून त्याने तलावाचे कौतुक केले. तेवढ्यावर पाळीशी एक दगड बसला. वर साहेबाचे नाव, खाली माझ्या वडिलांचे. समारंभाच्या वेळी मोठीमाय गोठ्यात होती, कारण साहेबाच्या चहाला दूध कमी पडता कामा नये.

पुढे मी नागपूरला कॉलेजात असताना, दिवाळीच्या सुट्टीत, एक फ्रेंच चित्रकार साहेबाची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आला. त्याला सारस पक्षी रंगवायचे होते. आमराईत तंबू पडला. पण सारस काही स्थिर उभे राहीनात, आणि त्यांच्यामागे हिंडताना त्याला पाळीवर मोठीमाय दिसली. तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, गड्याने वेळेआधी उघडले होते, आणि ती हातात काठी घेऊन त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होती. चित्रकार जागच्या जागी थांबला. त्याला इंग्रजी येत होते, म्हणून दोघांमध्ये दुभाष्या मी.

"तो म्हणतो, तुझं चित्र काढायचं आहे."

"कायले? मी काय सारस आहो?"

"तुझा चेहरा भव्य आहे म्हणे. पॅरिसला लोक पाहतील."

"तेथं धान होते काय?"

"नाही."

"मंग त्या लोकायले माया चेहरा कायले पायजे?"

दुसऱ्या दिवशी तिने मला परसात गाठले. "पाह्य बाबू, त्याले पक्कं सांग. मी बसीन. पन माया मागं तलाव आला पायजे. पाळ, तुडुम, सप्पा. इथं दगडावर नाई आलो, त तेथं चित्रात येऊ." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. मी चित्रकाराला शब्दन् शब्द सांगितला, सप्पा म्हणजे सगळे हेही. त्याने छातीवर हात ठेवला आणि तलाव येईल असे वचन दिले.

मग रोज जेवणवेळेपासून ती पाळीवर बसू लागली. डोक्यावर पदर, हातात काठी. बसल्या जागेवरून मजुरांवर ओरडणे चालूच असे. बाईसाहेबांना तोंड स्थिर ठेवायला सांगा, असे चित्रकार मला विनवी. एवढी माझी छाती नव्हती. चित्र त्याने कधी दाखवले नाही. उरलेले रंगकाम पॅरिसला पुरे करीन असे सांगून त्यावर कापड टाकून घेऊन गेला.

मी कायदा शिकायला लंडनला निघालो तेव्हा घरातल्या प्रत्येकाने काही ना काही आणायला सांगितले. मोठीमाय म्हणाली, "पॅरिस त्याच बाजूले हाये ना? जाऊन पाह्य, तलाव आला काय."

सुट्टी मिळताच गेलो. शहर सुंदर आहे, हे कबूल करणे भाग आहे. नदीला दोन्ही अंगांनी दगडी बांध घातला आहे. मोठीमायने तेवढा नक्की वाखाणला असता. त्या मोसमात तिथे हिंदुस्थानची फॅशन होती. कपड्यांच्या दुकानांच्या काचेआड मेणाच्या बाया फेटे बांधून उभ्या होत्या. आमच्याकडे वरातीतले बँडवाले बांधतात तसले ते फेटे. अत्तराच्या बाटलीला हत्तीचा आकार. ज्या देशाचे विणकर विलायती गिरण्यांनी देशोधडीला लावले, त्या देशाचा फेटा आता तिथे शौक म्हणून विकला जात होता, आणि त्या काचेसमोर लोकरी कोट घालून उभा असलेला मी कोणाला हिंदुस्थानी वाटत नव्हतो. उपाहारगृहातल्या वेटरने मला पोर्तुगीज ठरवले.

चित्रकाराचा पत्ता शोधत गेलो तेव्हा त्याच्या चित्रांचे प्रदर्शन एका दिवाणखान्यात भरले होते. समोरच्या भिंतीवर सर्वांत मोठ्या चौकटीत मोठीमाय होती.

चेहरा तिचाच. कपाळावरची आठी, हनुवटीवरचे गोंदण, सगळे जिथल्या तिथे. त्या चेहऱ्याखाली मात्र भलत्याच कोणाचे तरी विशीतले शरीर जोडले होते. पदर खांद्यावरून ओघळलेला. हातातल्या काठीचा मोरपिसांचा पंखा झालेला. मातीची पाळ संगमरवरी पायरी झाली होती, मागे खराखुरा मोर उभा होता, आणि पायाशी आंघोळीच्या टाकीएवढे एक कुंड, त्यात सोनेरी मासा. खाली पाटी होती. मला येत होते तेवढे फ्रेंच त्या पाटीला पुरले : 'महाराजांची आवडती नर्तकी, सायंकाळी.'

मखमली कोटातल्या चित्रकाराने मला ओळखले, मिठी मारली आणि फेटा बांधलेल्या एका बाईंपुढे उभे केले. हे तिच्याच गावचे, असे म्हणाला. बाईंनी डोळे मोठे केले. "तुम्ही तिला नाचताना पाहिलंय?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

"पुष्कळदा," मी म्हणालो. "गड्याने मोरी वेळेआधी उघडली की नाचते."

चित्रकाराने त्यांना फ्रेंचमध्ये दुसरेच काहीतरी सांगितले असावे, कारण बाईंनी उसासा सोडला. मी त्याला बाजूला ओढले.

"तलाव कुठे आहे? तुम्ही वचन दिलं होतं."

त्याने कुंडाकडे बोट केले. "हे काय! पाणी आहे की."

"याला तलाव म्हणतात?"

"मित्रा, तुमचा तलाव फार मोठा होता. शिवाय चिखल. चिखलासमोर पॅरिसमध्ये कोणी थांबत नाही."

"मग निदान पाटी बदला. ती नर्तकी नाही. तिने तलाव बांधला आहे."

त्याला खरोखरच आश्चर्य वाटले. मग त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही वकील होणार, म्हणून असं बोलता. मी कलावंत आहे. तिच्या डोळ्यांत मी विरह पाहिलाय."

त्या डोळ्यांत काय होते ते मला ठाऊक होते. समोर पाणी वाया जाताना दिसत होते आणि उठता येत नव्हते, कारण हा गृहस्थ हलू नका म्हणत होता. याला विरह म्हणायचे असेल तर आमचा सगळा धानाचा मुलूख विरहिणींनी भरलेला आहे. मी तिथून निघालो ते कोणाचा निरोप न घेता. जगातल्या त्या नामांकित शहरातले आणखी काही पाहायची इच्छा उरली नाही.

शिक्षण पुरे करून घरी आलो. मोठीमायने पाय धुवायला पाणी दिले आणि तांब्या खाली ठेवायच्या आत विचारले, "तलाव आला काय?"

मी काहीच लपवले नाही. कुंड सांगितले, मासा सांगितला, पाटीचा अर्थही सांगितला.

"तोंड मायंच काढलन?"

"हो."

"अन् मोर कोनाचा?"

"कोणाचाच नाही. हौसेचा."

तिने तांब्या पालथा घातला. मग म्हणाली, "म्हनजे तलाव इथं साहेबाचा, तेथं राजाचा. माया कवा होईन?"

मी तसाच उठून वडिलांकडे गेलो. पॅरिस माझ्या हातात नव्हते, पण दगड आमच्या पाळीवर होता. दगड बदलू या, मी म्हणालो. वडिलांनी वर्तमानपत्र खाली केले नाही.

"साहेबांचं नाव आहे त्यावर. हात लावला तर सरकार काय म्हणेल? आणि आपल्या घरच्या बाईचं नाव दगडावर येतं ते समाधीच्या."

"ती जिवंत आहे."

"तेच सांगतोय मी."

ओसरीवर परत आलो तेव्हा मोठीमायने सगळे ऐकले होते. आमच्या घराच्या भिंती काही संगमरवरी नाहीत. ती म्हणाली, "तुले गोंद्याले बोलवून राहिले ना, पॅरिसवर बोलाले?"

"मी जाणार नाही."

"काऊन? माया भावजी, तुया बाप, पयल्या रांगेत बसन. मोठे मोठे लोक येतीन. जा ना, बाबू. बोल."

गेलो. रावबहादूर जरीचा फेटा बांधून खुर्चीत होते, वडील पहिल्या रांगेत. पॅरिसच्या नदीपासून सुरुवात केली, कारण विषय तो होता. नदीच्या बांधावरून आमच्या पाळीवर यायला मला फार वेळ लागला नाही. मग पाळ कोणी घातली ते सांगितले. उन्हात कोण उभे होते, कचेरीत कोण होते, बदके मारायला कोण आले आणि दगड बसत असताना गोठ्यात कोण होते, सगळे सांगितले. चित्र सर्वांत शेवटी सांगितले. वडील हातातल्या काठीची चांदीची मूठ न्याहाळत राहिले.

रावबहादूर आभार मानायला उठले. "बैरिस्टर साहब ने पेरिस का बड़ा सुंदर वर्णन किया। उस चित्रकार का पता भी दे दें। हम भी एक तस्वीर बनवा लें, सोच रहे हैं।" टाळ्या पडल्या.

घरी आलो तेव्हा मोठीमाय अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. किती लोक आले, हार कोणी घातला, असले काही तिने विचारले नाही.

"तलाव आला काय?"

"आला."

"पाळ?"

"पाळ, तुडुम, सप्पा."

"तुया बाप होता तेथं?"

"अगदी समोर."

सुपातले तांदूळ एकदा उंच उडाले आणि कोंडा अंगणभर झाला. तिने सूप खाली ठेवले, हात झटकले. "जेवून घे," ती म्हणाली. "अन् सकाळी चाल मायासंग पाळीवर. तुडुम गळून राहिलं हाये."