काकींच्या घरी थांबलेला जवळा

हिराकाकींची आणि आमची पहिली ओळख सानपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर झाली, आणि तीही भांडणाने. आई आणि मी, दोघीच नुकत्याच साताऱ्याकडून इथे राहायला आलो होतो. आई साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायला गच्चीवर गेली, तर शेजारीच काकींचा जवळा पसरलेला. ही एवढीएवढीशी सुकी कोळंबी. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माझ्या आईने नाकाला पदर लावला. काकींनी कमरेवर हात ठेवले. "बाय, या जागेव आमची शेती व्हती. आमचा मावरा हितंच सुकनार!" शेवटी गच्चीची वाटणी झाली, आणि वाटणी करता करताच दोघींची गट्टी जमली.

काकींच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकात त्यांच्या महिला मंडळाच्या कामाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते आईच्या आजारपणाबद्दल. लिहिताना रडू येतं आहे. पण काकींना रडकं लिहिलेलं खपत नाही, तेव्हा सावरून लिहिते.

आईच्या किडन्या निकामी होत गेल्या आणि तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं, तेव्हा माझी तुर्भ्यातली नोकरी नवी होती. रजा मिळेना. मी जिन्यात बसून रडत होते, तर काकी समोर उभ्या राहिल्या. "रडतेस कशाला? तू कामाला जा. आमी काय मेलो?" त्याच दिवशी त्यांनी बिल्डिंगमधल्या बायकांना फोन केले. काकींचा फोन म्हणजे हुकूमच. बायका पाळीपाळीने आईजवळ बसू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलेला बिनमिठाचा दुधी-भात काकी स्वतः रांधायच्या, आणि जिची पाळी ती त्यांच्या ओट्यावरून डबा उचलून निघायची.

एकदा मात्र घोटाळा झाला. ओट्यावर स्टीलचे दोन सारखेच डबे होते. एक आईचा, दुसरा काकींच्या मुलाचा. नरेशदादा जासईच्या कंटेनर यार्डात कामाला असतात. डब्यांची अदलाबदल झाली. तिकडे दादांनी निमूटपणे अळणी दुधी खाल्ला आणि घरी फोन केला, "आई, मला काय झालंय, ते तरी सांग!" इकडे मला सुट्टी होती म्हणून त्या दिवशी माझीच पाळी. मी आईसमोर डबा उघडला, तर आत जवळ्याचं कालवण. मी घाईने झाकण शोधू लागले. आई वाकून डब्यात बघत म्हणाली, "अगं बाई! एवढे डोळे टकामका बघतायत माझ्याकडं, मी जेवू कशी?" आणि हसत सुटली. हॉस्पिटलात गेल्यापासून ती अशी पहिल्यांदाच हसली होती.

काकींना कळलं तशा त्या धावतच आल्या. आईसमोर त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. आईने त्यांचे हात धरले. "अहो, मी कुठं खाल्लं? उलट करमणूक झाली." पण काकी ऐकतायत थोडंच! "तू घरा येशील तवाच माझ्या घरान मावरा शिजल. तवर नाय." ज्यांनी रोज मासळी शिजणारं आगरी घर पाहिलं आहे, त्यांना हे बोलणं केवढं मोठं आहे ते कळेल.

आईला त्याचा घोर लागला. बरं वाटत असलं की म्हणायची, "घरी आले की आधी काकींच्या दारात जाऊन उभी राहणार. म्हणणार, चढवा तवा. आणि नाकाला पदर लावणार नाही."

आई घरी आली नाही.

त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. काकींनी पिठलं-भात आणला आणि मला लहान मुलीसारखं जवळ घेऊन घास भरवला. त्या स्वतः मात्र जेवल्या नाहीत.

आता आईचं वर्षश्राद्धही होऊन गेलं. परवा नरेशदादांनी सांगितलं, "आईनं अजून मावरा सोडलेला हाय. आमीच बाहेर जाऊन खातो." मी काकींना म्हटलं, "काकी, आता पुरे ना!" त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती घरा आली की, असा बोल्ली व्हती मी. आली का ती?" घरी येऊन मी पोटभर रडले.

काकी, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, आणि तुमचा आवाज चारही मजल्यांवर असाच ऐकू येत राहो. पण हे आयुष्य तुम्ही उपाशी मनाने काढावं, हे आईला सोसलं नसतं. तेव्हा या अंकात, सगळ्यांसमोर सांगते. रविवारी आईची साडी नेसून मी तुमच्या दारात उभी राहणार आहे. चढवा तवा. मला अजूनही तो वास सोसत नाही. पण नाकाला पदर लावणार नाही.