लेकीचं टमी टक आणि माझे पाच आठवडे अबुधाबीत

"आई, जानेवारीत पाच आठवडे येशील का? हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय माझं."

ग्रेसीचा, म्हणजे माझ्या धाकट्या लेकीचा, हा फोन आला तेव्हा मी वसईला अंगणात केळी वाळत घालत होते. "येते," एवढंच म्हटलं आणि व्हिसाच्या मागे लागले. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माहीत आहे की आम्ही चार निवृत्त शिक्षिका वर्षातून दोनदा फिरायला जातो आणि मी त्याचं लिहिते. ह्या वेळी मी एकटी गेले आणि पाच आठवड्यांत दोनच जागा नीट पाहिल्या, एक हॉस्पिटल आणि एक बेडरूम. तरी लिहितेय. जाण्याआधी मला असं काही वाचायला मिळालं असतं तर मी थोडी शहाण्यासारखी वागले असते. ग्रेसीने हे वाचून हो म्हटलं आहे.

मुंबई ते अबुधाबी विमान तीन-साडेतीन तासांचं. ग्रेसी आणि जावई ऑल्विन अल रीम आयलंडवर तेविसाव्या मजल्यावर राहतात. ती एका कंपनीत अ‍ॅडमिनमध्ये, तो हॉटेलात. जुळी मुलं रायन आणि रिया, पाच वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देतात, आणि आमचं छान चालतं.

तिसऱ्या दिवशी तपासणीसाठी अल ऐनला निघालो. सर्जन तिथल्या हॉस्पिटलात होती. रस्ता दीड तासाचा, सरळसोट, दोन्ही बाजूंना कुंपण आणि कुंपणापलीकडे वाळू. कॅमेरे जागोजागी, त्यामुळे ऑल्विन काट्यावर डोळा ठेवून चालवत होता. मध्ये पेट्रोल पंपावर करक चहा घेतला. लहानसा कप, पण वेलची घातलेला, दाट आणि गोड.

सर्जन बाई मितभाषी. कागदावर पोटाचं चित्र काढून त्या इंग्रजीत समजावत होत्या. मला नीट कळावं म्हणून केरळची नर्स हिंदीत सांगू लागली. "अम्मा, टमी टक में स्किन निकालेंगे, मसल को सिलेंगे, और नाभी नई जगह पे आएगी."

मी ग्रेसीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

गाडीत बसल्यावर बोलले, आणि जे बोलले ते इथे लपवत नाही. "पोट सपाट दिसावं म्हणून पोट फाडून घ्यायचं? दोन लेकरं दिली त्या पोटाने."

"हर्निया पण आहे, आई. छोटा आहे."

"मग मला अर्धंच का सांगितलंस?"

"कारण तू हेच बोलली असतीस," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने मला बेडरूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि कुर्ता वर केला. ती दहा वर्षांची झाल्यापासून मी तिचं पोट पाहिलं नव्हतं. खाली कातडीची घडी लोंबत होती आणि घडीच्या आत लालबुंद चट्टे. ती उताणी झोपली. "आता मी डोकं उचलते. तू मधे बोटं ठेव." तिने डोकं उचललं तसा पोटाच्या मध्यावर एक उंचवटा वर आला. दोन्हीकडचे स्नायू फाकलेले होते आणि मधल्या फटीत माझी चार बोटं सहज आत गेली.

"अठरा किलो कमी केले मी, आई. दीड वर्ष व्यायाम केला, फिजिओ केली. हे नाही भरत. कंबर रोज दुखते. आणि मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये एक बाई माझ्या पोटाकडे बघून गोड हसली आणि 'मबरूक' म्हणाली. म्हणजे अभिनंदन. मी शुक्रान, म्हणजे थँक्यू, म्हणून उतरले आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसले."

जुळी झाली ती लॉकडाउनमध्ये. विमानं बंद होती. माझ्या मोठ्या लेकीच्या दोन्ही बाळंतपणांत मी तेल लावून, जुन्या सुती साडीने तिचं पोट घट्ट बांधलं होतं. ग्रेसीचं कोणी बांधलं नव्हतं. मी तसं म्हणालेच.

"मी असते तर हे झालं नसतं."

"पट्ट्याने नसतं थांबलं. मी डॉक्टरला विचारलंय. दोघं मिळून साडेपाच किलोंची होती." मग कुर्ता नीट करत म्हणाली, "पण तू असतीस तर बरं वाटलं असतं."

त्या संध्याकाळी मी पेज केली आणि दोघींनी एकाच ताटलीतलं लोणचं लावून खाल्ली. विषय तिथे मिटला असं नाही, पण मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

ज्यांना पैशांचा अंदाज हवा त्यांच्यासाठी: सगळं मिळून तीस हजार दिरहम, म्हणजे सात लाखांच्या वर. इन्शुरन्सने ह्याला कॉस्मेटिक म्हणून हात वर केले. ग्रेसीने दोन वर्षं साठवले होते. आणखी एक, हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. सर्जनने तिला आधी वजन स्थिर करायला लावलं, पुढे मूल हवंय का हेही दोनदा विचारलं.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, सकाळी आठला. उभं करून सर्जनने पोटावर पेनाने रेषा काढल्या आणि तिला आत नेलं. साडेतीन तास लागले. ऑल्विन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालत होता, मी जपमाळ ओढत होते. लेकीसाठी प्रार्थना करताना मधूनच गाडीतलं माझं वाक्य आठवायचं आणि मणी चुकायचे.

बाहेर आली ती गुडघे आणि पाठ दोन्ही वर केलेल्या पलंगावर, अर्धवट घडी घातल्यासारखी. कुशीतून दोन नळ्या निघाल्या होत्या, त्यांच्या टोकांना रबरी फुगे, आत लालसर पाणी. पायांत घट्ट मोजे. ती मला म्हणाली, "आई, खोकला आणू नकोस मला." मी कुठे आणत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तिला उठवून चालवलंच. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून चालणं लागतंच. पण ताठ चालायचं नाही, टाके ताणले जातात. माझी चाळिशीची लेक नव्वदीच्या म्हातारीसारखी वाकून माझा हात धरून बाथरूमपर्यंत गेली आणि घामाघूम झाली.

ती झोपल्यावर ऑल्विन म्हणाला, "मम्मी, चला, तासभर हवा खाऊन येऊ." त्याने मला खजुराच्या बागेत नेलं. शहराच्या मधोमध हजारो झाडं आणि त्यांच्या मधून विटांच्या पायवाटा. तिकीट नाही. उन्हातून आत शिरलं की अंगावर गारवा येतो. झाडांच्या बुंध्याशी पाण्याचे पाट होते, अगदी आमच्या वाडीत केळीला असतात तसे. एक बलुची माळी एका पाटाचं तोंड मातीने बंद करून दुसऱ्याचं उघडत होता.

"बारी बारी से देते हैं," तो म्हणाला. "आप कहाँ से?"

मी वसईचं नाव सांगितलं, आमच्याकडेही असंच पाणी फिरवतात म्हटलं. त्याने फावडं बाजूला ठेवून मला चार खजूर दिले आणि लेकीचं विचारलं. "इन्शाल्ला, चलेगी," म्हणाला. पाच आठवड्यांतलं माझं पर्यटन ते एवढंच, पण पुरलं.

तिसऱ्या दिवशी घरी. गाडीत सीटबेल्ट आणि पोट ह्यांच्यामध्ये उशी ठेवा, हे कोणी सांगत नाही. प्रत्येक गतिरोधकाला तिने ती उशी दोन्ही हातांनी दाबली.

पुढचा आठवडा मी नर्स झाले. गुडघ्यांखाली उशा, पाठीला उशा. दिवसातून दोनदा फुगे रिकामे करून किती मिली निघालं ते फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पपई, पेज आणि मी वसईहून नेलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. पोट बांधायचा पट्टा चोवीस तास, म्हणून दोन घ्यायचे, एक अंगावर, एक दोरीवर. रोज सकाळी ती भिंतीला हात टेकून उभी राहायची आणि मी खालून वर एकेक हूक लावत जायचे. मला ते आवडायला लागलं होतं.

मुलांना सांगितलं होतं, मम्माच्या अंगावर उडी नाही. रियाने त्याचा पोलिस खात्यासारखा अंमल केला. ऑल्विनने काही विनोद केला की ती समोर येऊन उभी राहायची. "डॅडा, स्टॉप. मम्मा इज नॉट अलाउड टू लाफ." त्यावरच ग्रेसीला हसू यायचं आणि ती पोट धरून रडवेली व्हायची.

पाचव्या दिवशी ती खरंच रडली. सूज उतरायची होती, पोट आधीपेक्षा मोठं दिसत होतं, जखम ह्या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, आणि नवी बेंबी काळीनिळी.

"मी हे का केलं, आई? चांगली चालत होते मी. तू बरोबर बोलली होतीस."

दोन आठवड्यांपूर्वी हे ऐकून मला समाधान वाटलं असतं. मी तिच्या पलंगाच्या काठावर बसले. "मी चुकीचं बोलले होते. माझी चार बोटं गेली होती त्यात. तू कंबर धरून उठायचीस ते मी पाहिलंय. त्या पोटाने लेकरं दिली, आता त्याची डागडुजी करायची तर त्यात लाजायचं काय?"

"डागडुजी," ती रडता रडता म्हणाली, "हसवू नकोस."

आठव्या दिवशी नळ्या निघाल्या. बाराव्या दिवशी हूक लावताना मला बेंबीखाली पाणी हलल्यासारखं वाटलं. दाबलं की दुसऱ्या बाजूला सरकायचं. तिला म्हटलं, फोन कर. पुन्हा अल ऐन. सर्जनने सुईने वाटीभर पिवळसर पाणी काढलं. असं होतं, म्हणाल्या, लवकर आलात ते चांगलं झालं. "कोणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. ग्रेसीने माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात बरेच सत्कार झाले माझे, पण त्या खोलीत मी उगाच पदर सारखा केला.

चौथ्या आठवड्यात ती ताठ चालू लागली. सहा आठवडे काही उचलायचं नव्हतं, मुलांनाही नाही. जखमेच्या वरची कातडी अजून बधिर होती, ती काही महिने तशीच राहील म्हणे. मी निघाले त्या दिवशी ती जमिनीवर झोपली आणि हात न टेकता कुशीवर वळून उठून बसली. मग पुन्हा झोपली आणि पुन्हा उठली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन आता महिना झाला. खोटं बोलायचं नाही, मला अजूनही वाटतं की लिफ्टमधल्या बाया गप्प बसल्या असत्या तर अर्ध्या जणींना हे करावं लागलं नसतं. पण ते चट्टे आणि ती फट मी पाहिली आहे. लेकीने माझ्यापासून अर्धी गोष्ट लपवली होती, आणि तिला तसं करावंसं वाटलं ह्यात माझा वाटा होता. हे ओझं सामानाबरोबर आलं, ते अजून उतरलेलं नाही.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर बायकांनी विचारलं तेव्हा मी सगळं मोकळेपणी सांगितलं. टमी टक हा शब्दसुद्धा उच्चारला. दोघी-तिघींनी नजरा चुकवल्या. मी घराकडे निघाले तर मागून चपलांचा घाईघाईचा आवाज आला. माझी जुनी विद्यार्थिनी होती, तीन मुलांची आई. मला गाठून ती माझ्या बाजूने चालू लागली. मग तिने पोटावर ओढणी सारखी केली आणि हळूच विचारलं,

"टीचर, चार बोटं कशी मोजायची?"

"घरी चल," मी म्हटलं, "दाखवते."