भिकाजीचा पूर्ण पत्ता

आमच्या हिच्या मामांनी जन्मल्या जन्मल्या सुईणीकडे ओळखपत्र मागितलं असणार, अशी माझी खात्री आहे. पुढल्या सत्तर वर्षांत त्यांनी कोणावर चटकन विश्वास टाकल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. बांगडा घ्यायचा तर ते आधी त्याचे कल्ले उघडून बघत आणि मग तितक्याच बारकाईने विकणारीचा चेहरा न्याहाळत. वरळी कोळीवाड्यातली एक कोळीण एकदा वैतागून म्हणाली, "अरे बाबा, मावरा टोपलीत हाय, माझं कल्लं कशाला बगतंस?" मामा शांतपणे म्हणाले, "मासा खोटं बोलत नाही." मी मुलगी बघायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ माझ्या कचेरीत येऊन टेबलासमोर उभे राहिले आणि माझ्यादेखत शिपायाला विचारते झाले, "हा माणूस रोज इथेच बसतो का?" शिपायाने हो म्हटलं म्हणून माझं लग्न झालं.

हा स्वभाव त्यांना नोकरीने दिला असं ते म्हणत. मला वाटतं, स्वभावानेच त्यांना ती नोकरी मिळवून दिली. लालबागच्या एका गिरणीत ते टाइम ऑफिसात कारकून होते. "कार्डावर हजेरी आहे म्हणजे माणूस खात्यात आहे असं समजायचं नाही. उठून जाऊन बघायचं," हे त्यांचं तत्त्व. मग संप झाला. गिरणीचं फाटक बंद झालं ते त्यांच्यापुरतं कायमचंच. हजेरी घ्यायला हजार माणसं होती तोवर मामांची शंका विभागली जायची. आता ती बेकार होऊन आम्हा आठ-दहा नातेवाइकांच्या वाट्याला आली. पुढे ते दादरला एका वकिलाकडे टंकलेखन करू लागले, पण वकील आपल्याला खरी प्रत दाखवत नाही हा संशय तिथेही होताच.

अशा माणसाच्या हाती मी हिच्या आजोळच्या घराण्याच्या इतिहासाचा प्रोग्राम दिला, ही माझी हौस. आमच्याकडे नवा संगणक आला होता आणि कचेरीतल्या एका मित्राने ती सीडी दिली होती. एकेका माणसाचं नाव घालायचं, जन्माचं ठिकाण, राहण्याचं ठिकाण, मृत्यूचं ठिकाण घालायचं, की वंशवृक्ष आपोआप तयार. "फुकट दिली?" मामांनी विचारलं. "मग तो आपल्याकडनं काय काढून घेणार?" तरीही दर रविवारी सकाळी ते लालबागहून दादरला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी चालत येऊ लागले. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुनी पत्रं, लग्नपत्रिका आणि रेशन कार्डं. पिशवी माझ्या टेबलावर ठेवत नसत. मांडीवर ठेवत.

पहिल्याच रविवारी मी ठिकाणाच्या चौकटीत नुसता 'मा' उमटवला आणि खाली 'मालवण' असं आपसूक आलं. मामा खुर्चीतून उठले. "ह्येका कोणी सांगल्यान?" रागावले की त्यांची मालवणी बाहेर पडे. प्रोग्रामला गावांची यादी पाठ आहे, हे मी तीन तऱ्हांनी समजावलं. "आपल्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा आहे," एवढंच ते म्हणाले. मग जिल्ह्याची भानगड निघाली. प्रोग्राम आजोबांच्या जन्मठिकाणी सिंधुदुर्ग जिल्हा लावू पाहत होता. मामांनी ठणकावून सांगितलं, "आजोबा जन्मले तेव्हा हा जिल्हाच जन्मला नव्हता. रत्नागिरी घाला." मी घातलं. मनातून मला ते पटलंही, पण तसं कबूल केलं नाही, नाही तर त्यांना माझाच संशय आला असता.

खरं भांडण मात्र आखूड लिहिण्यावरून. मी पडलो कचेरीतला माणूस. 'मु. पो.', 'ता.', 'जि.' हे माझ्या बोटांतून आपोआप गळतं. मामांना ते सहन होत नसे. "टिंब देऊन काय लपवताय?" असं म्हणून ते 'मुक्काम' आणि 'तालुका' पुरते लिहायला लावत. स्वतःच्या राहण्याच्या ठिकाणी त्यांनी सांगितलेला मजकूर असा: पहिला माळा, जिना चढून उजव्या हाताची तिसरी खोली, खाली कपडे इस्त्री करणाऱ्याचं दुकान, समोर बायकांची खानावळ. चौकट भरली, प्रोग्राम कुरकुरला, मी कपाळाला हात लावला. "मामा, हा वंशवृक्ष आहे, टपाल नाही!" ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. दीड वर्षात आम्ही फक्त एकतीस माणसं भरली.

शेवटी माझा धीर सुटला. गावच्या देवळात सगळी भावकी जमायची होती आणि हिला वंशवृक्ष तिथे लावायचा होता. एका शनिवारी मी एकटाच बसलो आणि नावांमागची उपपदं भरून टाकली. आपल्याकडे लग्नपत्रिका लिहिताना होतं तसं झालं: वरच्या दोन रांगांना सरसकट 'कै.', खालच्यांना 'श्री.' आणि 'सौ.', शेंडेफळांना 'चि.'. मामांच्या रांगेतही ते सोडून सगळे गेलेलेच, असं धरून 'कै.'च. मी कागद छापून ठेवला.

रविवारी मामा आले, चष्मा पुसला आणि नेहमीप्रमाणे चुका काढायला वाचू लागले. त्यांचं बोट एका नावावर थांबलं. कै. भिकाजी. त्यांचा धाकटा भाऊ. त्याच गिरणीत मागावर होता, संपाच्या दुसऱ्या वर्षी "काम बघून येतो" म्हणून घरातून निघाला, तो परत आला नाही, इतकं मला ऐकून माहीत होतं. मी वाट बघत होतो, आता मामा विचारणार, पुरावा काय? कोणी सांगितलं?

मामांनी तसं काही विचारलं नाही. अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "कधी? खय?"

आयुष्यभर कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने माझ्या त्या एका अक्षरावर आणि टिंबावर ताबडतोब विश्वास ठेवला होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "नाही हो मामा, काही कळलेलं नाही. सवयीने पडलं हातून. चूक झाली माझी." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. ही पाणी घेऊन आली, ते प्यायले. मग म्हणाले, "जावयबापू, तो शाळेत गेला नाही. अक्षराला अक्षर लावून वाचायला मीच शिकवलं. पुरतं लिहिलेलं वाचतो. आखूड लिहिलं की अडतो."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. दीड वर्ष आम्ही जे लिहीत होतो ते घराण्यासाठी नव्हतं. घर शोधत येणाऱ्या एका वाचणाऱ्यासाठी होतं. मी 'कै.' पुसलं. काय घालू, असं विचारायचीही लाज वाटत होती. मामांनीच सांगितलं, "चिरंजीव. पुरतं लिहा." भिकाजी तेव्हा साठीच्या घरात असेल. राहण्याचं ठिकाण म्हणून मामांची खोली घातली: पहिला माळा, उजव्या हाताची तिसरी. मृत्यूच्या ठिकाणाची चौकट प्रोग्राम पुन्हा पुन्हा लाल करून दाखवायचा. मामा त्याला म्हणायचे, "तुका कित्याक घाई?"

पुढे चाळ पाडायची ठरली आणि मामांना शिवडीच्या संक्रमण शिबिरात जावं लागलं. सामान हलवायच्या आदल्या दिवशी, रविवार नसताना, ते माझ्याकडे आले. स्वतःचा पत्ता राहू दे, आधी भिकूचा बदला, म्हणाले. "आम्ही हललो म्हणजे तोही हलला." नवा पत्ता मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि आम्ही दोघांनी तो खालच्या इस्त्रीवाल्याच्या फळीला चिकटवला. मामांनी एकेका अक्षराखाली बोट ठेवून, अडखळत, भिकू वाचेल तसा तो मोठ्याने वाचून पाहिला. मग मला विचारलं, "पोचतलो मां?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मामा शिवडीलाच वारले. त्यांच्या नावामागे मी 'कैलासवासी' असं सबंध लिहिलं. इस्त्रीवाला आता समोरच्या फुटपाथवर बसतो. त्याच्याकडचा कागद मी गेल्या महिन्यात बदलून आलो आणि घरी येऊन प्रोग्रामही उघडला. मामांचा मी फार छळ सोसला, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगत असे. आता दर रविवारी सकाळी तो छळ नसल्याने मला करमत नाही. चिरंजीव भिकाजी यांचं राहण्याचं ठिकाण: दादर, भाजी बाजाराच्या मागची गल्ली, पिवळी इमारत, दुसरा मजला, डाव्या हाताचं दार. घंटा चालत नाही. कडी वाजवावी, कोणीतरी घरात असतंच.