गच्चीवरच्या टाकीचे दोन पाइप

आमच्या बसवनगुडीच्या घरात सोलर हीटर आला तो नव्वदच्या दशकात, आमचे हे गेले त्याच वर्षी. यांनीच तो सांगून ठेवला होता, आणि माल दारात आला तेव्हा हे नव्हते. माणसं आली, गच्चीवर टाकी आणि काचेची तावदानं बसवून गेली. कुणी काही विचारलं की सरी, म्हणजे बरं, म्हणायचं, एवढंच माझं काम. त्या दिवसांत मी रडतसुद्धा नव्हते बरं का. स्वयंपाक व्हायचा, धुणं व्हायचं, दिवस जायचा.

पाइप जोडायचं धाकट्या दिरांनी अंगावर घेतलं. ते आनेकलला कारखान्यात होते, रविवारी बसने यायचे. चिकपेटहून पाइप, एल्बो, कॉक सगळं घेऊन आले. सासूबाई जिन्यात खुर्ची टाकून बसल्या. त्यांना सगळं घर अम्माच म्हणायचं.

"पाणी कुठून शिरणार रे यात?"

"गार खालून शिरतं अम्मा, गरम वरून निघतं. कागदावर तसंच दाखवलंय."

"खालून मोरीचं पाणी वर येतं. अंघोळीचं पाणी वरून भरतात."

आता हे कुठलं, ते सांगते. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरतात. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा चिंचेने घासायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, गळ्यात वेल बांधायचा आणि कळशीने वरून नवं पाणी ओतायचं. या मुलुखाची रीत, आमच्या घरात कधी शिरली कोण जाणे. अम्मांनी जन्मभर ते पाणी ओतलेलं. आणि मुलगा गेलेल्या बाईचा शब्द त्या वर्षी कोण मोडणार?

दीर म्हणाले, "टाकी एकच, पाणी तेच. स्वल्प इकडचं तिकडे झालं तर काय बिघडतंय." गार पाण्याचा पाइप त्यांनी वरच्या तोंडाला जोडला आणि न्हाणीघराचा खालच्या. भर दुपारी नळ सोडून बघितला तर वाफाळतं पाणी. पाइपच उन्हात तापला होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. हंडा माळ्यावर गेला, न्हाणीघरातली चूल बुजवली.

मग थंडी पडली. सकाळी आधी मी न्हायचे, मागून अम्मा. त्या बाहेर आल्या की कितीतरी वेळ हात चोळत बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "माझ्या अंगातलं गेलं गं. गरम पाणी घेते, पण लागतच नाही अंगाला."

त्यांची आई म्हणे अशीच गेली. आधी पाय गार पडले, मग वरवर चढत गेलं. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या.

"तुला गरम लागतं ना पाणी?" अम्मांनी विचारलं.

"लागतं की," मी म्हटलं. खोटं बोलत नव्हते. नवा हीटर, म्हणजे पाणी गरमच असणार. मी तांब्यावर तांबे घेत होते, त्यात बघायचं काय?

अम्मांनी कपाट उपसलं. ही साडी धाकट्या लेकीला, ही थोरलीला, आणि ही हिरवी मला शेवटी नेसवायची, असं मला दाखवून ठेवलं. मी सरी म्हटलं.

त्यातच थोरल्या नणंदबाई हुबळीहून राहायला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं.

"वैनी, याने न्हाता तुम्ही दोघी? कुडकुडून मेले की मी."

अम्मा कॉफी घेत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला. "गार आहे?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

"गार? फ्रीजमध्ये बसून न्हाल्यासारखं आहे."

नणंदबाईंनी फोन करून भावाला बोलावून घेतलं आणि गच्चीवर त्यांच्या डोक्यावरच उभ्या राहिल्या. दिरांनी टाकीला हात लावून बघितला. वरचा भाग कोमट, तळ गार. तापलेलं पाणी वर चढत होतं आणि वरूनच त्यात गार पडत होतं. न्हाणीघरात यायचं ते तळाचं.

"कारखान्यात असंच जोडतोस? मालक अजून जेवतो तरी कसा?"

"अक्का, अम्मांनीच सांगितलं वरून भर म्हणून."

"अम्मांनी सांगितलं. अम्मा इंजिनिअर."

अम्मा खालून सगळं ऐकत होत्या. दिरांनी टाकी रिकामी केली, पाइप सोडवले आणि उलटे करून जोडले. दुसरा सबंध दिवस चांगलं ऊन होतं.

त्याच्या पुढच्या सकाळी अम्मा पाटावर बसल्या आणि मी बादलीतून तांब्या भरून त्यांच्या पाठीवर ओतला. त्या एकदम ताठ झाल्या.

"भाजतंय गं," म्हणाल्या. मी बादलीत गार मिसळायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे. घाल अजून."

मी घालत राहिले. पाठ लाल झाली तरी उठेनात.

"म्हणजे मला काही झालेलं नव्हतं."

"नाही अम्मा."

मग म्हणाल्या, "तूही त्याच पाण्याने न्हात होतीस की गं. तुला कसं कळलं नाही?"

मी परत तांब्या बुडवला. अम्मांनी वळून माझा हात धरला. मनगटापर्यंत लालबुंद झाला होता. त्यांनी तांब्या काढून घेतला, गार नळ सोडला आणि माझा हात त्याखाली धरून बसल्या, स्वतः ओल्या पाठीने.

"सांग हं," म्हणाल्या, "गार लागलं की सांग."